भेरूगढचा कापडी कीबोर्ड

आमच्या मुलींच्या शाळेत कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याला झेंडूचा हार घातला होता. यात हसण्यासारखं मला तेव्हाही काही वाटलं नाही. उज्जैनमध्ये नवी लूना घेतली तरी माणूस आधी महाकालाच्या दारापर्यंत नेऊन आणतो. कॉम्प्युटर तिथवर नेणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मोठ्या बहनजींनी, म्हणजे आमच्या प्राचार्यांनी, मंदिरातलं कुंकू पुडीत बांधून मागवलं आणि मॉनिटरच्या डोक्यावर एक बोट टेकवलं. ते लाल बोट पुढे कित्येक महिने तिथे होतं. शिवणाच्या बाईंनी मखमलीचं झाकण शिवलं, संगीताची खोली रिकामी करून खिडक्यांना पडदे लागले, आणि चपला बाहेर काढल्याशिवाय आत यायचं नाही असा नियम झाला.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती ती. फ्रीगंज बाजाराच्या भिंतींवर पिवळ्या रंगात ‘कम्प्यूटर सीखो, नौकरी पाओ’ असं दर दहा पावलांवर लिहिलेलं असायचं. गावातल्या मिल एकेक करून थंड पडत होत्या आणि ज्यांचे वडील मिलमध्ये होते त्या मुली या पाट्या मोठ्याने वाचत शाळेत यायच्या. मी गणित शिकवायची. गणित येतं तिला कॉम्प्युटर येईलच, अशा हिशेबाने मला दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं गेलं. परत आले ती कॉम्प्युटरची बाई होऊनच.

दहा दिवसांत माणसाला काय येतं? पण ते कबूल करण्याचा माझा स्वभाव नव्हता. माझे वडील रेल्वेच्या नोकरीसाठी महाराष्ट्रातून इकडे आले आणि इथलेच झाले; त्यांच्याकडून मी दोन गोष्टी घेतल्या, वक्तशीरपणा आणि ताठा. वर्गात मी चुकले असं कधी म्हणत नसे. फळ्यावर खडूने चुकलेलं पुसताना सुद्धा मुलींकडे अशी बघायची, की चूक त्यांचीच.

पहिल्या दिवशी मी पेटीचं झाकण स्क्रू काढून उघडलं. बत्तीस मुली चपला काढून, हात धुऊन, अर्धगोल करून उभ्या. हा प्रोसेसर, ही मेमरी, हा पंखा, इथून वीज येते, इथून निरोप जातो. एकीने विचारलं, “बहनजी, इसको हिन्दी आती है?” मी म्हटलं, नाही, याला फक्त हो आणि नाही कळतं. ती म्हणाली, “फिर तो मेरी दादी जैसा है.” सगळ्या हसल्या, मीही हसले. ते दिवस खरोखर चांगले होते. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली की मुलींचे श्वास थांबायचे. उद्या यांच्यातली कुणी बँकेत, कुणी कलेक्टर ऑफिसात अशाच एखाद्या यंत्रापुढे बसेल, असं मी त्यांना सांगायची आणि सांगताना मला ते दिसायचंही.

अडचण साधी होती. मुली बत्तीस, कॉम्प्युटर एक, आणि लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही. एकेका मुलीच्या वाट्याला आठवड्यातून चारपाच मिनिटं येत. तेवढ्यात ती हात पुसून बसेपर्यंत दुसरीची पाळी यायची. टाइपिंग यायला तर रोजचा सराव हवा. मग मी कीबोर्ड कागदावर काढून दिला. नवरा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होता, त्याच्याकडचा ट्रेसिंग पेपर आणि स्टीलची पट्टी घेऊन मी एका दुपारी कीबोर्डची नक्कल केली, मिलिमीटरचाही फरक न ठेवता. मुलींनी त्यावरून आपापल्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर काढलं. पण पुठ्ठ्यांवरचा कागद दोन आठवड्यांत फाटला, पुठ्ठ्याचे कोपरे मऊ पडले, आणि प्रत्येकीच्या चौकटी वेगळ्या मापाच्या निघाल्या.

तेव्हा एक मुलगी उठून म्हणाली, “बहनजी, अब्बा कपड़े पर छाप देंगे.”

बारावीची मुलगी. उज्जैनच्या कडेला असलेल्या भेरूगढहून पायी यायची. घरात छपाईचं काम. तिच्या नखांच्या कडांना कायम काळपट लाल रंग असायचा आणि माझ्या धाकाने ती हात धुऊन धुऊन ते घालवायचा प्रयत्न करायची. वर्गात सगळ्यांत हुशार तीच. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागायचं नाही, आणि सांगितलं त्यापेक्षा जास्त ती कधी करायची नाही. माझ्यासारख्या बाईला असाच विद्यार्थी आवडतो.

मी रविवारी भेरूगढला गेले. तिचे वडील उंच, थोडे वाकलेले, कमी बोलणारे. अंगणात लाल-काळ्या चादरी वाळत होत्या. फुलापानांचे लाकडी ठप्पे ते दुसऱ्याकडून खोदून घेत, पण साध्या रेघांचं काम स्वतः करत. त्यांनी माझा ट्रेसिंग पेपर उजेडात धरला, लाकडावर उलटा ठेवला आणि मान हलवली. इंग्रजी अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं, पण ठप्प्यावर ते उलटं खोदावं लागतं हे मला सांगावं लागलं नाही. मग कोऱ्या कापडाचं टोक दोन बोटांत चोळत ते म्हणाले, “बहनजी, ये कोरा कपड़ा है. छपाई के बाद नदी पर धुलेगा तो सिकुड़ेगा. ठप्पा थोड़ा बड़ा खोद लूँ?”

मी सिकुड़ेगा ऐकलं. अर्थही कळला, कापड आटेल. पण मापाच्या बाबतीत कुणी मला शिकवावं, हे काही मनाला रुचलं नाही. अख्खी दुपार मोडून, डोळे बारीक करून काढलेली माझी आकृती, आणि हा माणूस ती मोठी करायला निघालेला. मी म्हटलं, “जैसा दिया है, वैसा ही बनाइए. एक सूत इधर-उधर नहीं होना चाहिए.”

“जी,” ते म्हणाले, आणि कामाला लागले.

महिन्याभराने बत्तीस कापडं आली. भगव्याकडे झुकणाऱ्या पिवळ्या जमिनीवर काळ्या चौकटी, प्रत्येकीत एक अक्षर, कडेने बारीक वेलाची पट्टी. ती पट्टी मी सांगितली नव्हती, त्यांनी आपल्या मनाने घातली. कापड घडी करून दप्तरात जायचं, जेवताना मांडीवर पसरता यायचं. मोठ्या बहनजी इतक्या खूश झाल्या की एक कापड फ्रेम करून त्यांच्या खोलीत लावलं. मी ते पट्टीने मोजून बघितलं नाही. माझंच माप, त्याला पुन्हा काय मोजायचं?

सरावाचे नियम मात्र कडक ठेवले. दहा बोटांनी टाइप करायचं. नजर समोरच्या मजकुरावर. खाली बघायचं नाही. खाली बघणं म्हणजे कॉपी करणं, असं मी म्हणायची आणि जी बघेल तिच्या हनुवटीखाली पट्टी धरायची. बँकेतल्या एका साहेबांची मुलगी होती वर्गात, आमच्याच मराठी समाजातली, गणपतीत तिच्या घरच्यांची भेट व्हायची. ती हमखास खाली बघायची. दोन बोटांनी कोंबडीसारखी टिपत बसायची. तिला मी इतकं बोलले आहे की आता आठवलं तरी लाज वाटते.

भेरूगढची मुलगी मात्र कधी खाली बघत नसे. तिच्या बोटांचा कापडावर टप टप आवाज यायचा, इतका एकसारखा की बाकीच्या आपलं थांबवून ऐकायच्या. प्रत्यक्ष कॉम्प्युटरवर पाळी आली की अडखळायची. एकदा हात उचलून म्हणाली, “बहनजी, इस पर उँगलियाँ अलग पड़ती हैं.” मी म्हटलं, “मशीन से डरते नहीं.” ती मान खाली घालून पुन्हा टाइप करू लागली. एवढ्यात तिची चार मिनिटं संपली.

हिवाळ्यात इंदूरच्या एका संस्थेचं पत्र आलं. वर्षभराचा कॉम्प्युटरचा अभ्यासक्रम, राहणं-जेवण फुकट, संपल्यावर नोकरीसाठी शिफारस. आमच्या जिल्ह्यासाठी मुलींची एक जागा. बारावीच्या मुलींची परीक्षा, अर्धी लेखी, अर्धी टाइपिंगची. शाळेतून दोघींना पाठवायचं ठरलं, ही आणि बँकेतल्या साहेबांची मुलगी.

भेरूगढहून तिचे वडील शाळेत आले. चपला खोलीबाहेर काढून, आत न येता दारातच उभे राहिले. म्हणाले, “चुन ली गई तो भेजूँगा, बहनजी. बिरादरी वाले जो कहें. नहीं चुनी गई तो फिर बारहवीं के बाद घर का काम है ही. आगे पढ़ाना मेरे बस का नहीं. बाकी आप जानो.” मी म्हटलं, निश्चिंत राहा. ते खरोखरच निश्चिंत होऊन गेले.

परीक्षेच्या आधी दोन महिने मॉनिटर बंद पडला. शिपायाने तो मांडीवर घेऊन बसने इंदूरला दुरुस्तीला नेला आणि मॉनिटर तिकडेच अडकला; कॉम्प्युटरच्या खोलीला कुलूप लागलं. मला फारशी काळजी वाटली नाही. कापड होतं ना. त्या दोन महिन्यांत तिने ते कापड इतकं वापरलं की मधल्या ओळीतली अक्षरं पुसट झाली. एकदा मी तिच्या डोळ्यांवर ओढणी बांधून अख्खा परिच्छेद टाइप करायला लावला आणि तोंडाने बटनं बोलायला सांगितली. एकही चुकलं नाही. मोठ्या बहनजींना बोलावून मी तो प्रयोग पुन्हा करून दाखवला.

इंदूरच्या त्या हॉलमध्ये दहा कॉम्प्युटर एका ओळीत होते. आम्ही शिक्षक काचेबाहेर. सकाळी लेखी झाली, मग टाइपिंग. एक छापील पान बघून टाइप करायचं होतं. काचेतून मला तिची पाठ आणि दोन्ही कोपरं दिसत होती. बाकी मुलींच्या माना खाली-वर, खाली-वर चालल्या होत्या. तिची मान हलली नाही. वेळ संपायच्या कितीतरी आधी तिने हात मांडीवर घेतले. बँकेतल्या साहेबांची मुलगी शेवटपर्यंत टिपत होती.

भेरूगढची बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा फुललेला. इतके महिने तिला पाहत होते, पण तो चेहरा मी पहिल्यांदाच पाहिला.

“बहनजी, मैंने एक बार भी नीचे नहीं देखा.”

मी तिच्या पाठीवर थाप मारली. दोघींना कचोरी खाऊ घातली. तिला एक जास्त दिली.

दुपारी यादी लागली. जागा बँकेतल्या साहेबांच्या मुलीला मिळाली होती. मी तरातरा आत गेले. परीक्षक सभ्य माणूस होता, त्याने माझा आवाज चढू दिला आणि मग एक कागद पुढे सरकवला. “लिखित में सबसे ज़्यादा नंबर इसी बच्ची के हैं. पर टाइपिंग देखिए.” पानभर अक्षरं होती. पण एकही शब्द धड नव्हता. “इसने स्क्रीन की तरफ भी नहीं देखा,” तो म्हणाला. “आपने सिखाया क्या है?”

तो कागद मी मागून घेतला, त्याबरोबर मूळ छापील पानही. परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी, मी तिच्या शेजारी, दुसरी मुलगी पुढच्या सीटवर, आनंद लपवायची धडपड करत. मी कागद बघत होते आणि अर्धा रस्ता व्हायच्या आतच मला ते दिसलं. घाबरलेल्या माणसाच्या चुका अशा नसतात. त्या कशाही होतात. या एका नियमाने झाल्या होत्या. डाव्या हाताचं प्रत्येक अक्षर बरोबर होतं. उजव्या हाताचं प्रत्येक अक्षर एक घर डावीकडे सरकलं होतं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एकही अपवाद नाही. उजवा हात चुकीच्या जागी ठेवला गेला होता आणि मग त्या जागेवरून त्याने सगळं बिनचूक केलं होतं.

तिने माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. म्हणाली, “घर पर तो सब सही पड़ता था.” एवढंच. तिने मला मागे काय सांगितलं होतं, ते तिने काढलं नाही. मला मात्र आठवलं, आणि नंतर अंगणातला तिच्या वडिलांचा तो प्रश्नही आठवला.

घरी येऊन मी हातपाय न धुता ट्रेसिंग पेपर काढला आणि एक कापड त्यावर ठेवलं. डावीकडच्या कडा जुळवल्या. मधल्या ओळीच्या उजव्या टोकाला पोचेपर्यंत कापड जवळजवळ एक अख्खी चौकट कमी पडत होतं. नवरा म्हणाला, “कपडा धुतला की आटतोच. तुला एवढंही सांगितलं नाही का कोणी?” मी म्हटलं, “सांगितलं होतं.”

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन कीबोर्ड नीट बघितला. मधल्या ओळीत दोन बटनांवर बारीक उंचवटे होते. मी वर्षभर त्यांना कारखान्यातला दोष समजत होते. न बघता हात जागेवर यावा म्हणून ते असतात. हे मला माहीत असतं आणि मी सांगितलं असतं, तर तिच्या बोटांना त्या हॉलमध्येच कळलं असतं. आणि खाली बघू नकोस म्हणाले नसते, तरीही कळलं असतं. एका मुलीला अडवायला मी किती बाजूंनी भिंती घातल्या होत्या, हे एकेक करून समोर येत गेलं, आणि मला माझी खरोखर चीड आली.

मी पुन्हा इंदूरला गेले. यादी वर गेली, आता बदल नाही. पुढच्या वर्षी? पुढच्या वर्षी जी बारावीत असेल तीच. बँकेतल्या साहेबांकडे जाऊन जागा सोडायला सांगावी, असंही एकदा मनात आलं. त्यांना पैसे भरून मुलीला कुठेही शिकवता आलं असतं. पण त्यांच्या मुलीने कसली चोरी केली होती? ज्या गोष्टीसाठी मी तिला रोज बोलत होते, तीच करून ती पास झाली होती.

मग रविवारी कापड आणि ट्रेसिंग पेपर घेऊन भेरूगढला. तिच्या वडिलांसमोर मी दोन्ही एकावर एक पसरलं आणि म्हटलं, “गलती मेरी है. आपने कहा था, मैंने सुना नहीं.” आयुष्यात हे वाक्य मी मोठ्या माणसासमोर पहिल्यांदा म्हणत होते. त्यांनी कापडाच्या उजव्या कडेवरून अंगठा फिरवला, जिथे ते कमी पडत होतं तिथे.

“आपकी नहीं, बहनजी,” ते म्हणाले. “कपड़ा मेरा काम है. मुझे दूसरी बार कहना था. आप पढ़ी-लिखी हैं, ये सोचकर चुप रह गया.”

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. मी पदर डोळ्यांना लावला. ती आतून पाणी घेऊन आली, पेला माझ्यापुढे ठेवला आणि परत जाऊन चादरीवर ठप्पे मारायला लागली. तिचे हात आता धुतलेले नव्हते.

पंधरा दिवसांनी त्यांनी निरोप न देता नवा ठप्पा खोदला. मोठा. किती मोठा, हे त्यांनी पट्टीने काढलं नव्हतं. कापडाचा एक तुकडा नदीवर धुऊन, वाळवून, मी तिथेच ठेवून आलेल्या कागदाशी ताडून काढलं होतं. पहिलं कापड घेऊन ती शाळेत आली. मॉनिटर तोवर दुरुस्त होऊन आला होता. बारावीच्या परीक्षा संपल्या होत्या, तिचा शाळेशी काही संबंध उरला नव्हता. मी म्हटलं, “देखना पड़ेगा, ठीक है या नहीं.” ती म्हणाली, “आठ दिन से मैं इसी पर कर रही हूँ, बहनजी. जाँच तो मशीन पर ही होगी.”

तिने चपला बाहेर काढल्या. संगीताच्या जुन्या खोलीत आम्ही दोघीच. मी तिला त्या उंचवट्यांबद्दल सांगायला गेले, तर तिने मान हलवली, “रहने दीजिए. फिर कपड़े की जाँच कैसे होगी?” मी समोर तोच छापील परिच्छेद ठेवला, इंदूरचा. तिने हात कॉम्प्युटरवर ठेवले आणि टाइप करू लागली. यावेळी मी तिच्या पाठीकडे पाहिलं नाही, पडद्याकडे पाहत राहिले. हिरवी अक्षरं एकामागून एक येत होती. शब्द होते. वाक्यं होती. पान संपलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं. एक चूक नव्हती.

तीही पडद्याकडे बघत होती. मग तिने कापडाची घडी घातली, कडेच्या वेलाची पट्टी वर येईल अशी, आणि माझ्या हातात दिली.

“अब नाप ठीक है, बहनजी. अब्बा बाकी के छाप देंगे.”

मी म्हटलं, थोडं बस, अजून एक पान कर. ती म्हणाली, धुलाईला माल गेला आहे, नदीवर जायचं आहे. कॉम्प्युटरवर मखमलीचं झाकण तिनेच घातलं आणि बाहेर जाऊन चपला घातल्या.